भरताचा धूर कुणाच्या डोळ्यात?

'चुलीवरचं' हा शब्द मेनूकार्डावर आला की पदार्थ महाग होतो आणि आपली अक्कल स्वस्त! चुलीवरची मिसळ, चुलीवरचं मटण आणि आता चुलीवरचं भरीत. संभाजीनगरहून वेरूळला निघा, पंधरा किलोमीटरवर दौलताबादचा किल्ला दिसायला लागतो आणि गाडीत कुणीतरी म्हणतंच, "गॅसवरच्या भरताला ती चव नाही रे."

माझं म्हणणं सरळ आहे. हे वाक्य निम्मं चूक आहे, आणि उरलेलं निम्मं आपण दुसऱ्याच्या फुफ्फुसांवर उधार घेतोय.

आधी चव. भरताला धुराचा वास हवाच, त्यावर वाद नाही. ओव्हनमध्ये भाजलेलं वांगं म्हणजे आजाऱ्याचं जेवण, आणि इंडक्शनवर तर विषयच संपला, कारण तिथे ज्योतच नाही. पण हा वास निव्वळ चुलीतून येत नाही. लाकडाच्या धुराला जो वास असतो तो बराचसा लिग्निन जळून तयार होणाऱ्या ग्वायाकॉलसारख्या संयुगांचा. वांग्याची साल आणि देठ करपतात तेव्हाही वनस्पतीच जळत असते! म्हणजे भरताचं बरंचसं सरपण वांगं स्वतःच घेऊन येतं. आपल्याला लागते फक्त उघडी ज्योत.

तेव्हा मंडळी, गॅसवर असं करा. मोठं, हलकं, कमी बियांचं वांगं घ्या. सुरीनं चार टोचे मारा, नाहीतर फुटेल. त्यात लसणाच्या पाकळ्या खोचा, वरून तेलाचा हात फिरवा. मध्यम आचेवर थेट बर्नरवर ठेवा आणि देठाला धरून फिरवत राहा. साल काळी ठिक्कर पडून तडकली पाहिजे, देठाजवळ सुरी अलगद गेली पाहिजे. मग ताटलीत ठेवून वर पातेलं पालथं घाला, दहा मिनिटं हात लावू नका. तो वास तिथे मुरतो. आणि सोलताना नळाखाली धरू नका हो! बोटं पोळतात म्हणून लोक धुतात, आणि सगळी मेहनत सिंकमध्ये जाते. पुढे ठेचलेली हिरवी मिरची, कांद्याची पात, शेंगदाणे, तेलाची फोडणी. सोबत ज्वारीची भाकरी. टोमॅटोच्या ग्रेव्हीला मात्र प्लीज भरीत म्हणू नका.

आता कुणी खानदेशी मित्र उसळून उठेल. बरोबर आहे त्याचं. जळगावच्या भरताच्या वांग्याला २०१६ मध्ये जीआय मानांकन मिळालंय आणि तिकडे हिवाळ्यात शेतात काट्या पेटवून भरीत पार्टी होते. ती चव गॅसवर पूर्ण येत नाही, मान्य. पण ती आग कुठे असते? उघड्या शेतात, वाऱ्यात, आणि वर्षातून चार-दोन वेळा. भाजणाराही हौसेनं भाजतो. ती मजा आहे, ड्युटी नाही.

धाब्यावर काय असतं? एकदा हात धुवायचं निमित्त करून मागे जा. मी एका ठिकाणी गेलो होतो. तीन बाजूंनी पत्रे, छत काजळीनं काळं, आणि एक मावशी पदर नाकाला लावून बसलेल्या. आपण पुढे एसी फॅमिली सेक्शनमध्ये 'ऑथेंटिक, ऑथेंटिक' करत फोटो काढतोय!

कोंडलेला धूर काय करतो ते समोरचा किल्लाच सांगतो. दौलताबादची अंधारी, म्हणजे डोंगर पोखरून केलेला तो काळोखी वळणांचा रस्ता. त्याच्या वरच्या तोंडाला लोखंडी झाकण आणि त्यावर विस्तव पेटवायची सोय होती. आत शिरलेला शत्रू उष्णतेनं आणि धुरानं कोंडून पडावा म्हणून. त्या काळी धूर हे शस्त्र होतं. आज किल्ल्याच्या पायथ्याशी तोच प्रयोग स्वयंपाक करणाऱ्या बाईवर रोज दोन वेळा.

अतिशयोक्ती वाटते? जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०२० मध्ये घरातल्या इंधनाच्या धुरामुळे जगात सुमारे ३२ लाख मृत्यू झाले. २०११ च्या जनगणनेत आपल्याकडची जवळजवळ निम्मी घरं लाकडावर स्वयंपाक करत होती. २०१६ मध्ये उज्ज्वला योजना सुरू झाली ती काही बायकांना चुलीचा कंटाळा आला म्हणून नव्हे.

'आजीच्या हातची चूल' म्हणून जे उसासे टाकतात त्यांनी आजीला विचारलंय का कधी? आमच्याकडे गॅस आला तेव्हा आजीनं चूल आधी परसात हलवली आणि नंतर स्वतःच्या हातानं फोडली. तिला नॉस्टॅल्जिया वगैरे काही झाला नाही.

असो. धाब्यावर जाऊच नका असं मी म्हणत नाही. आपण गेलो नाही तर त्या मावशींचाच रोजगार जाईल. पण भाजायची चूल उघड्यावर असावी, शेडला धुराडं असावं, एवढं मालकाला सांगायला काय जातं? त्याला खर्च येतो तो पत्र्याचा आणि पाइपचा. आपण गूगलवर पाच स्टार देतो, चवीवर तीन ओळी लिहितो. पुढच्या वेळी चौथी ओळ लिहा: मागे धूर बाहेर जायला वाट आहे की नाही. मालक लोक आपले रिव्ह्यू वाचतात. मावशींचा खोकला त्यांना ऐकू येत नाही.