नाथसागराच्या काठी एक पाटी हवी

गेल्या हिवाळ्यात आमच्या वर्गाची सहल पैठणला गेली होती. नाथसमाधीचे दर्शन झाले आणि मग आम्ही नाथसागरावर गेलो. रोहित पक्षी दिसताच सगळ्यांनी भराभर फोटो काढले. हा परिसर १९८६ पासून पक्षी अभयारण्य आहे, असे सरांनी सांगितले. मी मात्र पाण्याकडेच पाहत राहिले. माझ्या आजीचे सासर त्या पाण्याखाली आहे.

घरी आल्यावर आजीला म्हटले, "तुझं गाव पाहून आले." ती म्हणाली, "हिवाळ्यात कुठलं दिसतंय बाई? उन्हाळ्यात पाणी हटलं की देवळाचा चौथरा तेवढा उघडा पडतो. त्याच्यामागंच आपला आड व्हता. चैत लागला की कोरडा. आता बघ म्हणावं!" आणि ती चक्क हसली. मला हसू आले नाही.

माझा धरणाला विरोध आहे, असे कृपया कोणी समजू नये. वसतिगृहाच्या नळाला येणारे पाणी तेथूनच येते. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढणारी मी पहिली. ते पाणी नसते तर हे शहर आणि हे कॉलेज तरी कसे चालले असते? तहानलेल्या गाढवाला कावडीतली गंगा पाजणाऱ्या एकनाथांचे नाव जलाशयाला दिले, तेही शोभते. पण पायाभरणी १९६५ साली लालबहादूर शास्त्रींच्या हस्ते, उद्घाटन १९७६ साली इंदिरा गांधींच्या हस्ते, दरवाजे २७, हे सारे आपण स्पर्धापरीक्षेसाठी पाठ करतो. बुडालेल्या गावांची नावे कोण पाठ करतो?

धरणाच्या पायथ्याशी म्हैसूरच्या वृंदावन उद्यानाच्या धर्तीवर संत ज्ञानेश्वर उद्यान उभारले गेले. त्याची रया गेली तेव्हा वर्तमानपत्रांतून केवढी ओरड झाली! व्हायलाच हवी होती. लोकांनी तेथे मुलाबाळांना घेऊन यावे, कारंजी पाहावीत, हे मलाही वाटते. मात्र त्याच हिरवळीच्या कडेला एक दगडी पाटी असावी आणि तिच्यावर पाण्याखाली गेलेल्या एकूण एक गावाचे नाव असावे. त्यासाठी कितीशी जागा लागणार?

इतिहासाच्या सरांनी अर्ज लिहून देण्याचे कबूल केले आहे. ज्यांच्या घरचे गाव धरणात गेले असेल, त्यांनी त्याचे नाव मला वर्गात आणून द्यावे. आजीला आठवलेली सात नावे मी वहीत उतरवून घेतली आहेत.