दृष्ट नको, पण दृष्टीस पडू दे!

इंदूरच्या सुदामा नगरात माझी मावशी राहते. लग्न होऊन माळव्यात गेली त्याला पन्नास वर्षं उलटली. तिच्या मराठीत आता निम्मी हिंदी मिसळलीय, पण दसऱ्याची वाहनपूजा मात्र अजून अगदी आपल्या गोव्यातल्यासारखीच.

2025 च्या दसऱ्याला मी तिच्याकडे होतो. मावसभावाच्या मुलाने नवी मोटारसायकल घेतली होती. काळी कुळकुळीत, टाकीलासुद्धा चमक नाही असा हल्लीच्या फॅशनचा रंग. मावशीने गाडीवर कुंकवाचं स्वस्तिक काढलं, नारळ फोडला, हँडलला काळा दोरा आणि लिंबू-मिरची बांधली. वर झेंडूचा मनगटाएवढा जाड हार पुढच्या दिव्यावरून सोडला. म्हणाली, "कुणाची दृष्ट नको लागायला रे माझ्या बाळाच्या गाडीला."

दृष्ट काही लागली नाही. दिवेलागणीला आम्ही दोघे सोनं द्यायला बाहेर पडलो. तो पुढे, मी मागे. सुदामा नगरच्या गल्ल्या सरळ, एकीला एक समांतर. प्रत्येक गल्लीच्या तोंडाशी कुणाची ना कुणाची मोटार उभी. फूटी कोठीच्या बाजूला वळलो आणि एका गल्लीतून एक मोटार सरळ आमच्या अंगावर आली. ब्रेक, किंचाळी, सगळं एकाच क्षणात. मधे वीतभर जागा उरली. चालवणारे गृहस्थ म्हातारे होते, त्यांचे हात थरथरत होते. शिवी नाही, आरडाओरडा नाही. एवढंच म्हणाले, "बेटा, दिखा ही नहीं."

मी खाली उतरून पाहिलं. झेंडूचा हार अजून दिव्यावर होता. दिवा लागलेला होता, पण फुलांच्या आड मिणमिणत होता. पुतण्याच्या अंगात काळा शर्ट, डोक्यावर काळं हेल्मेट, खाली काळी गाडी. ते गृहस्थ खोटं बोलत नव्हते. आम्ही खरोखरच दिसलो नव्हतो.

तेव्हापासून एक गोष्ट डोक्यातून जात नाही. आपण गाडी लोकांच्या नजरेतून वाचावी म्हणून एवढं सगळं करतो. लिंबू, मिरची, काळा दोरा, काळी बाहुली. आणि मोटारसायकलवाल्याचा जीव तर नेमका लोकांच्या नजरेत भरण्यावरच टिकून असतो!

"दिसलाच नाही" हे वाक्य आपण बहाणा समजतो. पुष्कळदा तो बहाणा नसतो. मोटारसायकल समोरून पाहिली तर किती रुंद? जेमतेम एका माणसाएवढी. मोटारीच्या पुढच्या काचेच्या दोन्ही बाजूंना जे खांब असतात, त्यातल्या एकाच्या आड ती अख्खी लपते. रस्ता पाहताना आपला डोळा संथ फिरत नाही, उड्या मारत जातो, आणि दोन उड्यांमध्ये जे राहतं ते मेंदू स्वतःच भरून काढतो. शिवाय मोटार चालवणारा शोधत असतो बस, ट्रक, दुसरी मोटार, म्हणजे ज्याची त्याला स्वतःला भीती आहे ते. दुचाकीचं त्याला भय नसतं. हॅरी हर्ट यांनी लॉस एंजेलिस परिसरातल्या सुमारे 900 मोटारसायकल अपघातांचा जागेवर जाऊन अभ्यास केला, त्याचा अहवाल 1981 साली आला. दुसऱ्या वाहनाशी झालेल्या अपघातांत दुसऱ्या चालकाला मोटारसायकल वेळेत न दिसणं हे मुख्य कारण निघालं. रस्ते तिकडचे असले तरी डोळे माणसाचेच.

आपल्याकडे 1 एप्रिल 2017 पासून नव्या दुचाकींचा दिवा इंजिन सुरू होताच आपोआप लागतो, तो बंद करायला बटणच नाही. आठवतंय ना, सुरुवातीला काय गंमत व्हायची? समोरून येणारा प्रत्येक जण हाताची बोटं उघडून-मिटून खूण करायचा, "अरे, लाइट चालू राहिलाय!" बॅटरी संपेल म्हणून लोक हळहळायचे. दिवा आपल्याला दिसावं म्हणून नसून आपण दिसावं म्हणून आहे, ही गोष्ट गळी उतरायला फार वेळ लागला. अजून पुरती उतरलीय असं वाटत नाही.

न्यूझीलंडमधल्या ऑकलंडच्या एका अभ्यासात (2004) चमकदार किंवा प्रकाश परतवणारे कपडे घालणाऱ्यांना अपघातात जखमी होण्याचा धोका सुमारे 37 टक्क्यांनी कमी आढळला. काळ्या हेल्मेटपेक्षा पांढऱ्या हेल्मेटवाल्यांचा 24 टक्क्यांनी कमी. पांढऱ्या रंगाला काय जास्त पैसे पडतात?

हेल्मेट नको असं मी मुळीच म्हणत नाही. 2022 साली देशात रस्त्यांवर 1,68,491 माणसं गेली, त्यातली 74,897 दुचाकीवरची, आणि त्यांतल्या 50,029 जणांच्या डोक्यावर हेल्मेट नव्हतं. इंदूरमध्ये 1 ऑगस्ट 2025 पासून 'हेल्मेट नाही तर पेट्रोल नाही' असा हुकूम निघाला, तेव्हा कुणी दुधाच्या कॅनचं झाकण डोक्यावर ठेवून पेट्रोल भरल्याचा व्हिडिओ फिरला होता. हसावं की रडावं! पण हेल्मेट कामाला येतं ते पडल्यावर. दिसण्याचं काम त्याच्या आधीचं, पडूच नये म्हणून. कायदा पहिल्याच्या मागे लागतो, दुसरं मात्र ज्याच्या त्याच्यावर सोडलेलं.

आता स्वतःच्या घरचं सांगतो. मी रोज फोंड्याहून पणजीला ऑफिसात दुचाकीने जातो. पावसाळ्यात सहा वाजता सुटलं की आभाळ काळं, रस्ता काळा, आणि आम्हा सगळ्यांच्या अंगात काळे नाहीतर गडद निळे रेनकोट. का, तर चिखल दिसत नाही! आणि त्याबरोबर आपणही दिसत नाही. मागच्या दिव्यावर चिखलाचा थर, रेनकोटचा घोळ त्याच्यावर लोंबतोय. मीही बरीच वर्षं असाच हिंडलो. आपल्या जुन्या पायलटांना मात्र ही गोष्ट आधीच ठाऊक होती म्हणायची. त्यांच्या मोटारसायकलचं पिवळं मडगार्ड गर्दीतही लांबून ओळखू येतं. ते गिऱ्हाइकासाठी, हे खरं. पण गिऱ्हाइकाला दिसतं ते ट्रकवाल्यालाही दिसतंच.

कुणी म्हणेल, चूक मोटारवाल्याची आणि पिवळा डगला आम्ही का घालायचा? रास्त प्रश्न आहे. बाणस्तारीच्या पुलावर ऑगस्ट 2023 मध्ये एका मोटारीने अनेक वाहनांना धडक दिली आणि तीन माणसं गेली. तिथे कुणाचा कुठला रंग वाचवणार होता? मोटारवाल्याची जबाबदारी आपल्या कपड्यांनी कमी होत नाही, आणि मेलेल्याच्या घरच्यांना "तो काळे कपडे का घालून होता" असं विचारण्याचा हक्क कुणालाच नाही. पण चूक कुणाची हे कोर्टात ठरतं, आणि तिथवर पोचायला आपण शिल्लक असावं लागतं. म्हणून जेवढं आपल्या हातात आहे तेवढं तरी करावं.

हातात आहे ते काही मोठं नाही. दिव्यांच्या काचा रोज फडक्याने पुसणं. उजळ रंगाचा रेनकोट. हेल्मेटच्या मागे आणि डिक्कीवर चमकणारी पट्टी. बस किंवा ट्रकच्या अगदी बगलेत न राहणं, कारण त्याच्या आरशात त्याचा चेहरा आपल्याला दिसत नसेल तर आपणही त्याला दिसत नाही. आणि गल्लीच्या तोंडाशी "त्याने मला पाहिलंच असेल" हे गृहीत न धरणं. सवय लागत नाही असं म्हणू नका. ज्या इंदूरने ओला-सुका कचरा वेगळा करायची सवय लावून घेऊन 2017 पासून सलग सात वर्षं स्वच्छतेत पहिला नंबर काढला, त्याच इंदूरच्या गल्लीत हे सुचलं.

निघायच्या आदल्या दिवशी मी बाजारातून चमकणाऱ्या पट्टीचं रीळ आणलं आणि पुतण्याच्या गाडीला मागे-पुढे लावलं. तो कुरकुरला, "काका, लुक जातो गाडीचा." मावशी ओट्यावरून सगळं ऐकत होती. तिला ते म्हातारे गृहस्थ काय म्हणाले ते मी सांगितलं होतं. ती उठली, हँडलवरचा सुकलेला हार काढून तुळशीत टाकला आणि म्हणाली, "पुढच्या दसऱ्याला दिव्यावर नाही हो घालणार."

तुम्हीही घालू नका. लिंबू-मिरची खुशाल बांधा, पण दिव्याच्या खाली.