माइल्ड कुणासाठी?

आमच्या ऑफिसखालच्या टपरीवर 'माइल्ड' हा शब्द पथ्याच्या जेवणासारखा उच्चारला जातो. बीपी वाढलं, लग्न ठरलं, बायकोला दिवस गेले, की माणूस माइल्डवर येतो. सोडत नाही, माइल्डवर येतो. माझ्या टीममधले दोघं असेच आले. दोघेही इंजिनिअर, आणि दोघांचं म्हणणं एकच: "अरे, टार कमी असतं त्यात. मोजलेलं असतं."

मोजलेलं असतं हे खरं आहे. माझा राग त्या मोजण्यावरच आहे.

मोजतं एक यंत्र. सिगारेट त्यात खोचायची. ते दर मिनिटाला एक झुरका घेतं, दोन सेकंदांचा, 35 मिलिलिटरचा. धूर काचतंतूंच्या चकतीतून जातो. चकतीवर जे साठतं त्यातून पाणी आणि निकोटीन वजा केलं की उरतं ते टार. म्हणजे टार हा कुठला एक पदार्थ नाही, वजाबाकीची बाकी आहे. कार्बन मोनॉक्साइड तर वायू, तो चकतीतून निघून जातो आणि या आकड्यात येतच नाही. झुरक्याचं हे गणित 1936 साली एका तंबाखू कंपनीच्याच संशोधकांनी छापलं होतं. अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने 1967 पासून याच पद्धतीने सिगारेटी तपासायला घेतल्या आणि ते आकडे जाहिरातींत झळकू लागले.

सुरुवातीचा विचार वेडगळ नव्हता. 1953 साली वाइंडर आणि ग्रॅहम यांनी धुराचं टार उंदरांच्या पाठीवर फासून कर्करोग घडवून दाखवला होता. टार कमी तर धोका कमी, असं कुणालाही वाटलं असतं. पण टेस्ट आधीपासून माहीत असेल तर लोक टेस्टसाठी कोड लिहितात, हे आपल्या धंद्यात नव्याने सांगायला नको.

कंपन्यांनी फिल्टरवरच्या कागदाला बारीक छिद्रं पाडली. यंत्र ओढतं तेव्हा त्यांतून बाहेरची हवा आत येते, धूर पातळ होतो, चकतीवर कमी साठतं. आकडा खाली. माणूस ओढतो तेव्हा ही छिद्रं कुठे असतात? बऱ्याचदा बोटांखाली नाहीतर ओठांखाली. फिल्टर उजेडासमोर धरून बघा, ठिपक्यांची रांग दिसते. शिवाय यंत्राला तलफ येत नाही. माणसाला निकोटीनचा ठरलेला हप्ता लागतो. तो कमी पडला की माणूस नकळत मोठा झुरका घेतो, लवकर घेतो, खोल घेतो. 1983 साली नील बेनोविट्झ यांच्या गटाने धूम्रपान करणाऱ्या 272 जणांच्या रक्तातलं कोटिनिन मोजलं; निकोटीनपासून शरीरात बनणारा हा पदार्थ. सिगारेटच्या जाहीर आकड्याशी त्याचा मेळ बसला नाही.

यातला बार्कलेचा किस्सा तर मला फार आवडतो. 1980च्या सुमारास आलेल्या या सिगारेटचा दावा होता, टार फक्त 1 मिलिग्रॅम. फिल्टरच्या बाजूने हवेच्या खाचा होत्या. यंत्रात त्या उघड्या राहायच्या, माणसाच्या ओठांत दबायच्या. कमिशनकडे तक्रार कुणी केली? प्रतिस्पर्धी सिगारेट कंपन्यांनी. चोराच्या वाटा चोराला ठाऊक.

2015 साली फोक्सवॅगन पकडली गेली तेव्हा आपण सगळ्यांनी मीम्स टाकले: गाडी चाचणी ओळखते आणि तेवढ्यापुरता धूर कमी सोडते! इथे सॉफ्टवेअरचीही गरज पडली नाही, कागदाला भोकं पुरली. आणि कमिशनने ही पद्धत मागे घेतली ती 2008 साली. तोवर चाळीसेक वर्षं गेली होती. 2006 साली न्यायाधीश ग्लॅडिस केसलर यांनी निकालात नोंदवलं, की 'लाइट' सिगारेट ओढणारा माणूस कमतरता भरून काढतो हे कंपन्यांना ठाऊक होतं आणि त्यांनी लोकांना फसवलं.

"पण थोडा तरी फरक पडत असेल ना?" हा प्रश्न मला नेहमी येतो. 2004 साली 'बीएमजे'मध्ये अमेरिकेतल्या नऊ लाखांहून जास्त लोकांचा अभ्यास आला. बिनफिल्टरच्या जहाल सिगारेटींचा धोका आणखी जास्त निघाला, हे खरं. पण मध्यम, कमी आणि अतिकमी टारच्या फिल्टर सिगारेटींत फुप्फुसाच्या कर्करोगाने मरण्याच्या धोक्यात फरक दिसला नाही.

"आम्ही मोठे आहोत, आमचा चॉइस आहे," असं म्हणणाऱ्यांशी मी भांडत नाही. ओढा. पण हा चॉइस ज्या आकड्यावर उभा आहे तो तुमच्या फुप्फुसाचा नाही. माझा टीममेट बाप होणार म्हणून घाबरला होता. ती भीती खरी होती, तो त्या आठवड्यात सोडूही शकला असता. 'माइल्ड' या शब्दाने ती भीती विकत घेतली आणि त्याच्या हातात दुसरं पाकीट ठेवलं. या शब्दाचं कामच ते आहे.

कॅनडात छिद्रं पूर्ण बंद करून, 55 मिलिलिटरचा झुरका दर 30 सेकंदांनी घेणारी चाचणी आली. त्यात लाइट सिगारेटींचे आकडे झपकन वर जातात. तीही यंत्रच वापरते. माणसाचं मोजायचं तर त्याचं रक्त नाहीतर लघवी तपासावी लागते. अमेरिकेत जून 2010 पासून 'लाइट', 'माइल्ड', 'लो' हे शब्द पाकिटावर छापायला बंदी आली. मार्लबोरो लाइट्सची मार्लबोरो गोल्ड झाली. बंदी शब्दांवर होती, छिद्रं आहेत तशीच राहिली.