घरबसल्या पाहावा असा एक सिनेमा



एक काळ होता, वस्तीत वर्गणी काढून रंगीत टीव्ही आणि व्हीसीआर भाड्याने आणायचे, रात्रभर तीन-चार सिनेमे पाहायचे आणि सकाळी सामान परत करायचे. मारधाडीच्या हिंदी कॅसेटी आधी मागितल्या जात. इंग्रजी कॅसेट बाजूलाच राही. "आपल्याला त्यातलं काय कळणार?" असे आपणच म्हणत असू.

रॉन हॉवर्ड यांचा 'अपोलो १३' हा त्यातलाच सिनेमा. जून १९९५ मध्ये तो अमेरिकेत लागला आणि त्याच वर्षी नोव्हेंबरात त्याची व्हिडिओ कॅसेट निघाली. आता व्हीसीआर गेले, सिनेमे मोबाइलवर आले. तेव्हा राहून गेलेला हा सिनेमा आता मुलाबाळांसह पाहावा, असे आम्ही सुचवतो.

गोष्ट खरी घडलेली आहे. ११ एप्रिल १९७० रोजी जिम लॉवेल, जॅक स्विगर्ट आणि फ्रेड हेज चंद्राकडे निघाले. तिसऱ्या दिवशी यानात स्फोट झाला. तिकडे १३ तारखेची रात्र होती, आपल्याकडे १४ एप्रिलची सकाळ. वस्त्यावस्त्यांत जयंतीची तयारी चालली होती, तेव्हा तीन लाख किलोमीटरहून अधिक दूर या तिघांचा प्राणवायू गळत होता.

कारण काय? वायरमनचे काम करणाऱ्या बांधवांना ते लगेच कळेल. टाकीतल्या हीटरचे स्विच २८ व्होल्टचे होते. पुढे जमिनीवरच्या कामासाठी ६५ व्होल्टचा पुरवठा ठरला, पण स्विच बदलायचे राहिले. उड्डाणाआधी टाकी रिकामी करताना हीटर कित्येक तास चालला. स्विचचे पॉइंट चिकटले, तारांचे वेष्टण करपले. अवकाशात टाकीतला पंखा सुरू करताच ठिणगी पडली.

मग तिघे चंद्रावर उतरायच्या छोट्या यानात शिरले. ते दोघांसाठी आणि दोन दिवसांपुरते बनवलेले होते, त्यात चार दिवस काढायचे होते. वीज वाचवायला जवळजवळ सगळे बंद केले. कडाक्याची थंडी, आणि माणशी दिवसाला पेलाभर पाणी. श्वासाने हवा विषारी होऊ लागली. ती शुद्ध करणारे डबे मोठ्या यानात होते, पण ते चौकोनी आणि इकडची जागा गोल! जमिनीवरच्या माणसांनी यानात असलेल्याच वस्तू, म्हणजे प्लास्टिकच्या पिशव्या, पुठ्ठा, नळी आणि चिकटपट्टी घेऊन जोड तयार केला आणि तो कसा करायचा ते तोंडी सांगितले. १७ एप्रिलला तिघे प्रशांत महासागरात सुखरूप उतरले.

सिनेमात एक व्यक्ती मात्र दिसत नाही. कॅथरिन जॉन्सन या काळ्या गणितज्ञ बाईंनी संकटकाळासाठी आधीच करून ठेवलेली आकडेमोड या परतीच्या वाटेला उपयोगी पडली. त्या ज्या संस्थेत नोकरीला लागल्या, तिथे काळ्या महिला गणितज्ञांचा विभाग १९५८ पर्यंत वेगळा ठेवलेला होता. वेगळी पंगत म्हणजे काय, हे आपल्या घरातल्या म्हाताऱ्या माणसांना समजावून सांगावे लागणार नाही. २०२० मध्ये, १०१ व्या वर्षी त्या वारल्या. सिनेमा संपल्यावर त्यांचे नाव मुलींना जरूर सांगा.

आणि हे सारे आपल्यापासून फार दूरचे आहे, असेही नाही. आपल्या जिल्ह्यातले लोणारचे सरोवर उल्कापाताने झाले, हे १९७३ साली शास्त्रज्ञांनी पुराव्यानिशी मांडले. चंद्रावरच्या काळ्या पठारांसारखाच बेसाल्ट खडक तिथे आहे, म्हणून चंद्रावरची विवरे समजून घेण्यासाठी जगभरचे अभ्यासक लोणारला येतात. आपली माणसे मात्र शेजारून एस.टी.ने निघून जातात.

सिनेमा सव्वादोन तासांचा आहे, दोन रात्रींत पाहिला तरी चालेल. कॉलेजात जाणाऱ्या मुलाला किंवा मुलीला मध्ये थांबवून अर्थ सांगायला लावा. चौकोनी डबा गोल जागेत कसा बसवाल, हे लहानांना आधी विचारा आणि मगच पुढचे दाखवा. उन्हाळ्याच्या सुट्टीत एक दिवस भाकरी बांधून त्यांना लोणारच्या काठावर घेऊन जा. "आपल्याला काय कळणार" हे वाक्य पुढच्या पिढीच्या तोंडी येऊ नये, एवढीच आमची इच्छा.