परका पुरुष आणि गावाचा संशय

दि. १ जुलै २०१८. रविवारचा दिवस. धुळे जिल्ह्याच्या साक्री तालुक्यातील राईनपाडा या गावी आठवडे बाजार भरला होता. सोलापूर जिल्ह्यातील मंगळवेढ्याकडचे पाच पुरुष त्या बाजारात आले. ते नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे. गावोगाव फिरून भिक्षा मागणे हा त्यांचा पिढ्यानुपिढ्यांचा क्रम. त्यांच्यापैकी एक जण एका लहान मुलीशी बोलला, आणि एवढे निमित्त पुरले. मुले पळवणारी टोळी फिरते आहे, अशी अफवा भ्रमणध्वनीवरून आधीच घरोघर पोहोचली होती. जमावाने त्यांना ग्रामपंचायतीच्या खोलीत कोंडले आणि ठेचून मारले. पाचही जण गेले.

या हत्याकांडावर तेव्हा बरेच लिहिले गेले. अफवा, व्हॉट्सअ‍ॅप, पोलिसांचे अपुरे बळ, भटक्या समाजाची उपेक्षा, हे सारे विषय आले आणि ते यायलाच हवे होते. एक प्रश्न मात्र कोणी फारसा विचारला नाही. परक्या पुरुषाने लहान मुलीशी दोन शब्द बोलणे, हाच गुन्ह्याचा पुरावा कधीपासून ठरू लागला?

राईनपाडा हा अपवाद म्हणून सोडून देता आला असता, तर बरे झाले असते. परंतु पुढच्या दोन आठवड्यांच्या आत, १३ जुलै रोजी, कर्नाटकातील बीदर जिल्ह्यात हैदराबादहून फिरायला आलेल्या तरुणांच्या गटाने शाळकरी मुलांना चॉकलेटे दिली, आणि त्याच संशयावरून जमावाने त्यांच्यातील एका अभियंत्याचा जीव घेतला. १६ एप्रिल २०२० रोजी पालघर जिल्ह्यातील गडचिंचले येथे जुना आखाड्याचे दोन साधू आणि त्यांचा वाहनचालक असेच मारले गेले. त्यांतील महंत कल्पवृक्षगिरी महाराज सत्तरीचे होते. गडचिंचल्याने आपल्या मंडळींची मने पेटली, ते स्वाभाविकच होते. पण त्या संतापात किती जणांना राईनपाड्याच्या गोसाव्यांची आठवण झाली? तेही भगव्या परंपरेचेच भिक्षेकरी होते.

कोणी म्हणेल, हा प्रश्न पुरुषांचा नाही, भटक्यांचा आणि परक्यांचा आहे. या आक्षेपात तथ्य आहे. राईनपाड्याच्याच दिवशी रात्री मालेगावात जमावाने ज्यांना घेरले, त्यांच्यात एक जोडपे आणि दोन वर्षांचे मूल होते. पोलिसांनी जिवावर उदार होऊन त्यांना सोडवले. बाई आणि मूल बरोबर असूनही संशय ओसरला नाही. तरीही राईनपाडा, बीदर, गडचिंचले या तिन्ही ठिकाणचे मृत पुरुषच होते, हे नजरेआड करता येत नाही. परकेपणा, दारिद्र्य आणि पुरुषत्व ही तिन्ही एकत्र आली, की चौकशीची गरजच कोणाला वाटत नाही.

जन्मावरून गुन्हेगार ठरवण्याची ही रीत आपल्या देशाला नवी नाही. इंग्रजांनी १८७१ मध्ये गुन्हेगार जमातींचा कायदा करून समाजच्या समाज जन्मतः चोर ठरवले. स्वतंत्र भारताने तो १९५२ मध्ये रद्द केला. कायदा गेला, पण त्यामागची दृष्टी राहिली, आणि आता तिने नवे गिऱ्हाईक शोधले आहे. ‘पुरुष तसलेच’ हे वाक्य आज सुशिक्षित घरांत, दूरदर्शन मालिकांत, महाविद्यालयांच्या व्याख्यानांत सहज उच्चारले जाते आणि ऐकणारे मान डोलावतात. ‘बायकांची बुद्धी चुलीपुरती’ असे पूर्वी चारचौघांत बोलले जाई. आज तसे बोलणाऱ्याला त्याच्या घरातली मुलगीच गप्प करते. कोणत्या कायद्याने ते बंद पाडले? समाजालाच त्याची लाज वाटू लागली. तीच लाज या दुसऱ्या वाक्याची का वाटू नये?

खानदेशाला तर या बाबतीत बाहेरून धडे घेण्याची गरज नाही. १९२४ ते १९३० या काळात अमळनेरच्या प्रताप हायस्कुलात साने गुरुजी शिक्षक होते. छात्रालयातील मुलांची त्यांनी आईच्या मायेने देखभाल केली, आजाऱ्यांची शुश्रूषा केली, कपडे-अंथरुणे आवरली. गुरुजी विचाराने वेगळ्या छावणीतले. पण मायेला छावणी नसते. १९३२ मध्ये धुळ्याच्या तुरुंगात विनोबा गीतेवर बोलत होते आणि ती प्रवचने लिहून घेणारा हातही गुरुजींचाच होता. आज एखाद्या वसतिगृहात एखादा अविवाहित शिक्षक त्यांच्यासारखा वागू लागला, तर पालक काय म्हणतील? आठ दिवसांत तक्रार होईल. मुलांना जीव लावणारे पुरुष शिक्षक मग मुलांपासून हातभर दूर राहू लागतात. यात नुकसान मुलांचेच.

संशयाला आधारच नाही, असे मात्र कोणी म्हणू नये. १९९४ मध्ये जळगावात स्त्रियांच्या लैंगिक शोषणाचे जे प्रकरण उघडकीस आले, त्याने सारा महाराष्ट्र हादरला होता. तो डाग खानदेश विसरलेला नाही आणि विसरूही नये. जिल्ह्याजिल्ह्यांत गर्भातच मारल्या गेलेल्या मुलींचा हिशेबही आपल्याच घरांतला आहे. पण असल्या प्रकरणांकडे नीट पाहिले, तर दिसते वेगळेच. बालकांवरील अत्याचारांत बहुतेक वेळा आरोपी ओळखीचा असतो. शेजारचा, नात्यातला, रोज दारात येणारा. डमरू वाजवत आलेल्या गोसाव्याला झोडपून घरातले मूल सुरक्षित होत नाही.

शिवाय हे मूल म्हणजे मुलगीच, हेही आपण धरून चालतो. केंद्र सरकारच्या महिला व बालविकास मंत्रालयाने २००७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पाहणीत लैंगिक अत्याचार सोसलेल्या बालकांपैकी निम्म्याहून किंचित अधिक मुलगे होते. २०१२ च्या पोक्सो कायद्याने मुलगा आणि मुलगी दोघांनाही संरक्षण दिले, हे योग्य झाले. पण तोच मुलगा अठरा वर्षांचा झाला की संरक्षण संपते. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत जुने कलम ३७७ वगळले गेले आणि प्रौढ पुरुषावरील बलात्कारासाठी स्वतंत्र कलम राहिले नाही. पुरुष हा अत्याचारीच असणार, अत्याचारित नव्हे, हे गृहीत धरल्याशिवाय असे होत नाही.

हुंड्यासाठी जाळल्या जाणाऱ्या सुनांसाठी १९८३ मध्ये कलम ४९८-अ आले, त्याची गरज होतीच. आजही नव्या संहितेच्या ८५ आणि ८६ या कलमांत ते कायम आहे. त्याच्या गैरवापराबद्दल सर्वोच्च न्यायालयाने २००५ मध्ये कडक शब्दांत बजावले आणि २०१४ मध्ये तक्रार आली की लगेच अटक, या पद्धतीला पायबंद घातला. न्यायालयाने कलम रद्द केले नाही. आधी चौकशी करा, एवढेच सांगितले. गावानेही एवढेच करायचे आहे.

बोलण्यातला हलकेपणा किती जड पडतो, त्याचाही एक आकडा आहे. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या अहवालाप्रमाणे २०२२ मध्ये देशात १,७०,९२४ आत्महत्या झाल्या. त्यांपैकी १,२२,७२४ पुरुषांच्या. कापसाचा भाव पडला, केळीची बाग वाऱ्याने आडवी झाली, तरी ‘बाप्या माणसाने रडू नये’ हेच त्याला लहानपणापासून ऐकवलेले असते. शेती करतो म्हणून मुलगी न मिळालेला तिशी-पस्तिशीचा तरुण तर गावच्या पारावर थट्टेचा विषय.

बैठकांतून आणि कुटुंब प्रबोधनाच्या कार्यक्रमांतून मुलींच्या सुरक्षिततेवर बोलले जाते, ते बोलले जावेच. पण तेथे राईनपाड्याचेही नाव घ्यावे लागेल. परका माणूस दारात आला, तर त्याला ओट्यावर बसवायचे, पाण्याचा तांब्या पुढे करायचा, गाव-नाव विचारायचे, आणि तरीही शंका राहिली तर पोलीस पाटलाला वर्दी द्यायची, ही जुन्या खानदेशी घरांतली रीत. जळगाव आणि धुळ्याच्या नव्या वसाहतींत ओटे उरलेले नाहीत. पण पोलीस पाटलाच्या जागी दूरध्वनी आला आहे, आणि तांब्या अजून प्रत्येक घरात आहे.