पत्रा कुणी ठोकला?

मागच्या रविवारी मुळशी धरणाकडे जाताना पौडच्या पुढे चहाला थांबलो होतो. तेवढ्यात एक छोटी, उघड्या टपाची ट्रायम्फ हेरल्ड समोर येऊन उभी राहिली. रंग आरशासारखा, कापडी हूड नीट घडी करून मागे बसवलेलं. पोरांनी लगेच मोबाइल काढले. मालकही मनमोकळे. त्यांनी सगळं सांगितलं. हेरल्ड इंग्लंडमध्ये 1959 साली आली, उघड्या टपाची पुढच्या वर्षी. तिचंच भारतीय भावंड ‘स्टँडर्ड हेरल्ड’ 1961पासून मद्रासला बनू लागलं.

मी विचारलं, “पत्रा कुणी ठोकला?”

ते जरा थांबले. म्हणाले, “आहेत एक चाचा, भवानी पेठेतले.” चाचांचं नाव काही त्यांना आठवेना.

माझे मामू आयुष्यभर डेंटिंगचं काम करत होते, म्हणून हे मनाला लागलं. हेरल्डला खाली वेगळी चॅसी असते आणि टप बोल्टवर बसतो, म्हणून तो काढणं सोपं. पण टप नसला की सगळा भार चॅसीवर. ती गंजून जराशी वाकली की दरवाजे लागत नाहीत. त्यामुळे वेल्डिंग करताना दरवाज्याची फट पुनःपुन्हा बघावी लागते. मामू डोळे मिटून पत्र्यावरून हात फिरवायचे आणि खड्डा सांगायचे. हे कुठल्या पुस्तकातून येत नाही. उस्तादाच्या शिव्या खात येतं.

केंद्र सरकारने जुलै 2021मध्ये जुन्या गाड्यांसाठी नियम केले. पन्नास वर्षांवरची गाडी, मूळ रूपात असलेली, चॅसी, बॉडी, इंजिनात मोठा बदल न केलेली. नोंदणीला वीस हजार रुपये, नंबरात ‘व्हीए’ ही अक्षरं. नियम चांगले आहेत. पण ते मूळ रूप ज्याच्या हातांनी टिकलं, त्याचा उल्लेख त्यात कुठेच नाही. गाडी वारसा ठरते. कारागीर मजूरच राहतो.

दोष एकट्या मालकांचा नाही. आपल्या मोहल्ल्यातही ‘गॅरेजवाला’ म्हटलं की स्थळ नाकारतात. मामूंनी स्वतःच्या मुलाला हातोडीला हात लावू दिला नाही. “माझे हात बघ, तू शीक,” म्हणायचे. मुलगा शिकला, छान झालं. पण मामूंची विद्या मामूंबरोबर गेली. कारागिरीला पैसा आणि इज्जत असती, तर त्यांना या दोन्हींतून एक निवडावं लागलं नसतं.

माझं मागणं मोठं नाही. रॅलीत गाडीपुढे पाटी लावता, तिच्यावर मालकाच्या खाली डेंटर, पेंटर आणि हूड शिवणाऱ्याचं नाव लिहा. आयटीआयने अशा उस्तादांना मानधन देऊन शिकवायला बोलवावं, दहावीचा दाखला न मागता.

निघताना मालकांनी माझा नंबर घेतला. संध्याकाळी मेसेज आला. त्यात चाचांचं पूर्ण नाव होतं.