तुमचे लेकरू ‘ढ’ नाही!

मलकापूरच्या जिनांत सरकी-रुईच्या धुळीत राबणाऱ्या बांधवांनो, बाजार समितीच्या आवारात पाठीवर पोती वाहणाऱ्या हमालांनो, पहाटेच्या अंधारात भाकरी बांधून कापूस वेचायला निघणाऱ्या मायबहिणींनो, आज मला तुमच्याशी तुमच्या लेकरांच्या हिशेबाविषयी बोलायचे आहे.

हिशेब तुम्हाला नवा नाही. किलोमागे वेचाई किती, आठवड्याचे किती झाले, उचल किती फिटली, हे तुम्ही बोटांच्या पेरांवर क्षणार्धात सांगता. काटा मारणाऱ्याचा हात तुम्ही दुरून ओळखता. कडब्याच्या पाच पेंढ्यांचा पाचुंदा आणि वीस पाचुंद्यांचा शेकडा, हे तुमच्या आजीला कोणत्या शाळेने शिकविले होते? तिने पाटी पाहिली नव्हती, पण तिचा शेकडा कधी चुकला नाही. मग त्याच आजीचा पणतू दुसरीच्या वर्गात ‘गणितात ढ’ कसा ठरतो? तीन पिढ्यांत बुद्धी आटली काय? विहीर आटते, बंधूंनो, बुद्धी आटत नाही! तुमच्या लेकराला गणित येत नाही असे जेव्हा सांगितले जाते, तेव्हा बहुतेक वेळा त्याला गणित विचारलेलेच नसते. त्याला शब्द विचारलेला असतो.

आपल्या मराठीतल्या संख्यांची नावे एकदा सहा वर्षांच्या कानांनी ऐका. ‘एकवीस’ म्हणताना आधी एक येतो, मग वीस. पाटीवर लिहिताना मात्र आधी दोन, मग एक. पोर ऐकते तसे लिहिते, म्हणजे बारा लिहिते, आणि छडी खाते. ‘एकोणतीस’मध्ये तर तीस ऐकू येतात आणि लिहायचे असतात वीस नि नऊ. एकोणचाळीस, एकोणपन्नास अशी वाट एकोणनव्वदपर्यंत कशीबशी पाठ होते, तोच पुढे ‘एकोणशंभर’ न येता ‘नव्याण्णव’ उभे ठाकते. ही नावे आपला वारसा आहेत, मला ती प्रिय आहेत. पण वारसा लेकराच्या पायात बेडी म्हणून अडकवायचा असतो काय?

दिवंगत गणितज्ञ मंगला नारळीकर यांनी हेच दुखणे ओळखले होते. बालभारतीच्या त्यांच्या समितीने २०१९ साली दुसरीच्या पुस्तकात ‘वीस एक, वीस दोन’ असे सरळ वाचन सुचविले. जुनी नावे हद्दपार केली नव्हती, जोडीला एक सोपी पायरी दिली होती. तेलुगू आणि कन्नड बालकाला ही सरळ वाट जन्मजात लाभते. आपल्याकडे काय झाले? विधिमंडळापासून चहाच्या टपरीपर्यंत आडनावांतल्या आकड्यांवर कोट्या झाल्या, भाषा बुडाल्याची हाकाटी झाली. त्या गदारोळात बेरीज न जमणाऱ्या पोराची बाजू कुणी मांडली? हसणाऱ्यांची मुले शिकवणीला जात होती. तुमची जात नव्हती.

आणि हे झाले मराठी घरातल्या मुलाचे. आपल्या मलकापुरात एका गल्लीत वऱ्हाडी बोलतात, दुसरीत उर्दू, रुळांपलीकडे हिंदी, तांड्यावर गोरमाटी. पूर्णा ओलांडून जळगाव जामोदकडे गेलात की कोरकू कानी पडते, आणि जगातल्या कोणत्याही भाषाकुळात न बसणारी निहालीही. एवढ्या बोलींच्या संगमावरची मुले पहिलीच्या वर्गात एका ओळीत बसतात आणि त्यांना प्रश्न एकाच पुस्तकी मराठीत विचारला जातो. मुकी राहतात ती मठ्ठ! हा न्याय कोणत्या धर्मग्रंथातला, कोणत्या राज्यघटनेतला?

गेल्या वेचणीच्या हंगामातली गोष्ट. सातपुड्याच्या पायथ्यावरून उतरलेल्या एका कुटुंबातली सात-आठ वर्षांची मुलगी बांधावर धाकट्या भावाला झोका देत होती. मी तिला विचारले, सत्तावीस म्हणजे किती दहा आणि किती सुटे? तिने मान खाली घातली. माझ्या पिशवीत चिंचोके होते. दहा चिंचोक्यांची एक ओळ मी मातीवर लावली, सतरांचा ढीग तिच्यापुढे सरकवला आणि गप्प बसलो. तिने माझ्या ओळीखाली दुसरी ओळ लावली, चिंचोक्याखाली नेमका चिंचोका. सात उरले. ते तिसऱ्या ओळीत मांडले, आणि मग न सांगता तिने पुढच्या मोकळ्या मातीत बोटाने तीन खळगे केले. एवढे कमी पडतात, असे तिला म्हणायचे होते. दशक, एकक, पूरक संख्या, सारे तिच्या बोटाच्या टोकाशी होते. तिच्याकडे नव्हता तो फक्त माझा शब्द.

त्या चिंचोक्यांसारखी, शब्दावाचून गणित शिकविणारी साधने लेकरांच्या हाती हवीत, असे माझे म्हणणे आहे. दहा लाल, दहा पांढरे अशा क्रमाने ओवलेली शंभर मण्यांची माळ. ठिपक्यांचे पत्ते. लांबीप्रमाणे रंग बदलणाऱ्या काड्या, ज्या बेल्जियमच्या जॉर्ज क्विझनेअर नावाच्या शिक्षकाने रूढ केल्या. आकार जुळविण्याच्या चकत्या, फरशीवर रंगविलेली संख्यारेषा, ‘यानंतर काय येईल’ विचारणाऱ्या चित्रांच्या ओळी. चारपर्यंतच्या वस्तू माणूस न मोजता नुसत्या नजरेने ओळखतो, ही निसर्गाची देणगी आहे. फासा टाकणारे पोर चार ठिपके मोजत बसते काय? नजर पडते आणि सोंगटी पुढे सरकते. त्या नजरेला ना वऱ्हाडी लागते ना उर्दू. आधी हात, मग डोळा, मग जिभेवर स्वतःच्या घरचा शब्द, आणि त्यानंतर पुस्तकातला. मराठी यायलाच हवी, पण चौथ्या पायरीवर. पहिल्या पायरीवर दार अडवून नव्हे.

ही श्रीमंतांची चैन आहे असे कुणी म्हणेल, तर त्याला इतिहास दाखवा. ६ जानेवारी १९०७ रोजी मारिया माँटेसरींनी रोममध्ये पहिले बालगृह उघडले ते सान लोरेन्झोच्या श्रमिक वस्तीत, दिवसभर कामावर जाणाऱ्या आईबापांच्या मुलांसाठी. आज तेच नाव शहरांत हजारोंच्या शुल्काची पाटी झाले आहे, हा काळाचा क्रूर विनोद! आपल्या अमरावतीत काही काळ राहिलेल्या बालशिक्षणतज्ज्ञ ताराबाई मोडकांनी माँटेसरी पद्धतीतली महागडी लाकडी साधने बाजूला ठेवली. १९४५ साली बोर्डीला आणि पुढे कोसबाडच्या टेकडीवर त्यांनी व अनुताई वाघांनी वारली मुलांपुढे बिया, शिंपले, खडे, पाने मांडली. मूल शाळेत येत नाही, गुरे राखते? मग शाळाच कुरणात गेली. ‘अंगणवाडी’ ही कल्पना अशा अंगणांतून जन्मली. कुरणात शाळा जाऊ शकते, तर कपाशीच्या बांधावर का जाऊ शकत नाही?

आता आजची अंगणवाडी पाहा. तालुक्यातल्या एका अंगणवाडीत मी खेळण्यांची पेटी पाहिली: कपाटात, कुलपात, प्लास्टिकच्या वेष्टनासकट. सेविकेने संकोचून सांगितले, ‘तुटलं तं भरून द्यावं लागते, भाऊ.’ तिला दोष देऊ नका. पोषण आहार तिने शिजवून घ्यायचा, वजने तिने घ्यायची, माहिती मोबाईलवर तिने भरायची, आणि या सगळ्याला वेतन न म्हणता मानधन म्हणायचे! जिला राज्याने कर्मचारी मानायला वर्षानुवर्षे टाळाटाळ केली, तिच्याच हाती राज्याने आपली तीन ते सहा वर्षांची संपत्ती सोपविली आहे.

कायद्याची तऱ्हा तशीच. १८८२ साली हंटर आयोगापुढे जोतीराव फुल्यांनी प्राथमिक शिक्षण सक्तीचे करा असे बजावले. देशभर सक्ती यायला २००९चा शिक्षण हक्क अधिनियम उजाडावा लागला, आणि त्याचा हक्क सुरू होतो सहाव्या वर्षी. त्याआधीच्या वयासाठी सरकार व्यवस्था ‘करू शकेल’, असे मोघम शब्द! २०२०च्या शिक्षण धोरणाने तीन ते आठ हा पायाचा टप्पा मानला, २०२१मध्ये पायाभूत वाचन-गणितासाठी निपुण भारत अभियान आले, २०२३मध्ये खेळण्यांचा ‘जादुई पिटारा’ दिल्लीत थाटात उघडला गेला. शब्द चांगले आहेत, मी त्यांचे स्वागत करतो. पण दिल्लीत उघडलेली पेटी आपल्या गावात बंद असेल तर तिची किल्ली मागायची कुणी?

तुम्ही! दुसरे कुणीही नाही. आणि मागताना मान खाली घालू नका. ग्रामपंचायतीने आपल्या उत्पन्नातला १० टक्के वाटा महिला व बालकल्याणावर खर्च करायचा असतो. तो कुणाच्या कृपेचा नाही, तुमच्या घरपट्टी-पाणीपट्टीतला आहे. तो कोणत्या साहित्यावर गेला, हे विचारा. पेटी उघडून लेकरांच्या हाती द्या आणि तुटफुटीचा भार सेविकेच्या माथी मारू नका, असा ठराव मागा. शहरात राहता तर हाच प्रश्न आपल्या नगरसेवकाला दारात उभे करून विचारा. मोबाईलमधले गणिताचे खेळ घ्या म्हणून कुणी गळ घालील. पडद्यावरचा मणी चिमटीत धरता येत नाही, हे त्याला सांगा.

पण ठरावाची वाट पाहत बसायचे नाही. दासरखेडच्या कारखान्यांत जाणाऱ्या तरुणांनो, तुमच्या हातांना छिद्र पाडता येते, रंग मारता येतो. शिलाई करणाऱ्या भगिनींनो, तुमच्या डब्यांत जुनी बटणे साठली आहेत. कॉलेजातल्या मुलामुलींनो, एका रविवारी रंगाचे दोन डबे घेऊन अंगणवाडीची फरशी तुमची आहे असे समजा. प्रत्येक गल्लीने एक माळ करायची: दहा लाल, दहा पांढरे, असे शंभर. मणी नसतील तर चिंचोके भोके पाडून रंगवा. उर्दू शाळेजवळच्या मोहल्ल्याने केलेली माळ तांड्यावर जाऊ द्या, तांड्यावरची मोहल्ल्यात येऊ द्या. मुलांना त्यात काहीच वेगळे दिसणार नाही.

२ ऑक्टोबरच्या ग्रामसभेला रिकाम्या हाताने येऊ नका. लेकराला कडेवर घ्या, आणि ती माळ त्याच्या गळ्यात घालून आणा. सरपंचांनी विचारले हे काय, तर तुम्ही उत्तर देऊ नका. लेकराला खाली उतरवा आणि त्याला मोजून दाखवू द्या.